राल ७०३२ किंवा तत्सम

बमरोलीत गुलाबी नावाचा रंग नाही. राणी आहे, गाजरी आहे, डाळिंबी आहे, पीच आहे, ओनियन आहे, बेबी पिंक आहे. नुसता 'गुलाबी' कुणी मागितला की दुकानदार ओळखतो, पाव्हणा परगावचा दिसतो, आणि भाव दहा रुपयांनी वाढवून सांगतो. सुरतेच्या दक्षिणेला, पांडेसरा जीआयडीसीला लागून असलेल्या या भागाचा संसारच साडीवर चालतो. धुळे, जळगाव, नंदुरबारहून ताप्ती लाइनीच्या गाडीने येऊन उधन्याला उतरलेली आमची खान्देशी माणसं इथे लूमवर उभी राहिली, कुणी डाइंगमध्ये लागली, कुणी घरी बसून साडीला लेस लावू लागली. दोन पिढ्यांत त्यांच्या डोळ्यांना अशी धार आली की गावाकडे असताना हिरवा म्हणजे हिरवा एवढंच माहीत असलेली आजी आज नातसुनेला सुनावते, "हा रामा नाही बाई, हा फिरोजीत गेला." आणि अख्खा लॉट परत जातो.

याच गल्लीच्या पलीकडच्या शेडमध्ये मशीनची स्टँडं, ट्रॉल्या आणि इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनतात. तिथे रंगाला नाव नसतं, नंबर असतो. "सात हजार बत्तीस का सात हजार पस्तीस?" असं एक जण ओरडून विचारतो आणि कंप्रेसरच्या आवाजावर आवाज चढवून दुसरा "बत्तीस, बत्तीस!" असं उत्तर देतो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटतं, आत भिशी फुटली. प्रत्यक्षात दोन्ही नंबर करड्या रंगाचेच. बत्तीसमध्ये पिवळसर झाक आहे, पस्तीस जरा पांढऱ्याकडे सरकलेला आहे. पावडर कोटिंगवाल्याच्या लेखी मात्र दोन्ही 'सिमेन्स ग्रे'. तो जो आज शिल्लक असेल, तो आजचा सिमेन्स ग्रे.

हे नंबर आले जर्मनीतून. १९२७ साली तिथे एका समितीने चाळीस रंगांचा तक्ता तयार केला आणि प्रत्येक रंगाला आकडा दिला. 'राल' हे त्या समितीच्या नावाचंच लघुरूप, आणि समिती होती माल पुरवठ्याच्या अटी ठरवणारी. म्हणजे हा तक्ता कुण्या चित्रकाराच्या नादातून निघालेला नाही. देणाऱ्याचा घेणाऱ्यावर आणि घेणाऱ्याचा देणाऱ्यावर विश्वास नाही, या अत्यंत भक्कम व्यापारी पायावर तो उभा आहे. सुरतेचा कापडबाजार तर याच पायावर कितीतरी आधीपासून उभा होता. आमच्याकडे फक्त समिती नेमायची राहून गेली.

आता त्या तक्त्यात दोनशेहून जास्त रंग आहेत. पहिला आकडा घराण्याचा: एक पिवळ्याचा, दोन नारिंगीचा, तीन लालचा, चार जांभळ्याचा, पाच निळ्याचा, सहा हिरव्याचा, सात करड्याचा, आठ तपकिरीचा, आणि नवात पांढरा-काळा दोघे एकाच छपराखाली. यात करड्याचं कुटुंब सर्वांत मोठं, तीसहून जास्त भावंडांचं. ७००० खारीचा करडा, ७००५ उंदराचा करडा, ७०२३ काँक्रीटचा, ७०३३ सिमेंटचा. साडीच्या बाबतीत आपण मोजतो तितक्या बारकाईने जर्मन माणूस उंदीर आणि खार यांच्यातला फरक मोजत बसला, हे वाचून सुरतकरांना आपण एकटे नाही याचा दिलासा वाटावा. ७०३७ हा धुळीचा करडा. तो बमरोलीत विकत घ्यावा लागत नाही. मशीन कुठल्याही रंगात रंगवा, पंधरा दिवसांत ७०३७ त्यावर फुकट येतो, आणि एकसारखा बसतो.

पिवळ्या घराण्यात १०२७ नंबरला 'करी' असं नाव आहे. कुठल्या भाजीचा रस्सा समोर ठेवून ते दिलं, याची नोंद आमच्यापर्यंत आलेली नाही. खान्देशी शेवभाजीची तर्री त्यांनी पाहिली असती तर करीला एक हजाराच्या घरात ठेवायची हिंमत झाली नसती. सरळ तीन हजारात, आगीच्या बंबाशेजारी नेऊन बसवली असती.

आपल्या देशानेही यात हयगय केलेली नाही. मानकं ठरवणारी संस्था १९४७ साली सुरू झाली. तिच्या यादीत आयएस १ आहे राष्ट्रध्वज, आणि आयएस ५ आहे तयार रंग व एनॅमलच्या छटा. झेंड्यानंतर चार पावलांवर रंगाचा डबा. धरणं, पोलाद, रेल्वे यांच्या गर्दीत रंगाला एवढा वरचा नंबर मिळालेला पाहून कुठल्याही पेंटरची छाती फुगावी. छटा मात्र बव्हंशी इंग्रजांच्या तक्त्यावरून घेतल्या, त्यामुळे नावंही त्यांचीच राहिली. ५३८ पोस्ट ऑफिस रेड. १६६ फ्रेंच ब्लू. आणि ६३२ डार्क ॲडमिरल्टी ग्रे, म्हणजे साक्षात ब्रिटिश आरमाराच्या कचेरीचा करडा.

आता सुरतेला आणि इंग्रजी आरमाराला एकमेकांची ओळख जुनी. १६१२ साली सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांची जहाजं पोर्तुगीजांशी लढली आणि त्या जोरावर सुरतेत वखार आली. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा हेच इंग्रज वखारीची दारं लावून आत तयारीत बसले होते. पुढे वखार मुंबईला गेली, मग राज्य गेलं, जहाजं गेली. राहिला तो डबा. उधना मेन रोडवरच्या कुठल्याही रंगाच्या दुकानात 'डी.ए. ग्रे' म्हणा, पोऱ्या वर न बघता काढून देतो. त्यातले डी आणि ए कोण, हे ना त्याला माहीत, ना घेणाऱ्याला. मोटारीच्या स्टँडला तो लागतो, जिन्याच्या रेलिंगला लागतो. पावसाळ्यात खाडी फुगून शेडमध्ये गुडघाभर पाणी येतं तेव्हा मात्र त्या स्टँडला आरमाराचा रंग दिलेला पाहून पूर्वजांच्या दूरदृष्टीचं कौतुक वाटतं.

नंबर शोधणाऱ्यांची कल्पना अशी, की नंबर आला की वाद मिटला. बमरोलीत नंबर आल्यावर वादाला मुद्दा मिळतो.

समजा, पुण्याच्या एका पार्टीने ऑर्डरीत लिहिलंय : रंग राल ५०१५. हा आकाशी निळा. शेडचा मालक रंगाच्या दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "पाच लिटरच्या खाली बनवून मिळणार नाही. तयारमध्ये हा घ्या ना भाऊ, फरक फक्त तुम्हाला दिसतोय." मालक तयार डबा घेतो. पेंटर आप्पा डबा उघडून काडीने ढवळतात, थिनर घालतात, झाकणावर बोट फिरवतात, झाकण उन्हात धरतात आणि निकाल देतात.

"हाऊ रंग तो नही शे."

"आप्पा, डब्यावर लिहिलंय."

"डब्यावर लिखेल शे. डब्यामा नही."

मग आप्पा डोकं चालवतात. मागच्या दिवाळीचा उरलेला पांढरा थोडा, कूलरच्या निळ्याचा तळ थोडा, आणि एक थेंब काळा. हा काळा थेंब म्हणजे आप्पांचं सगळं शास्त्र. तो किती पडायचा हे कुठल्या तक्त्यात नाही. तो पडला की आप्पा थांबतात आणि त्यांच्याबरोबर अख्खी शेड थांबते. तयार झालेला रंग इतका अचूक असतो की पुन्हा तोच बनवायला सांगितला तर आप्पांनाही बनवता येत नाही. त्यामुळे दहा ट्रॉल्यांपैकी सहा एका निळ्यात आणि चार त्याच्या चुलतभावात.

मग पार्टीचा माणूस माल बघायला येतो. त्याच्या हातात पंख्यागत उघडणारं अस्सल शेड कार्ड. तो ट्यूबलाइटखाली पत्ती ट्रॉलीवर टेकवतो आणि मान हलवतो. मालक त्याला हाताला धरून बाहेर उन्हात नेतो आणि म्हणतो, "आता बघा साहेब." आणि गंमत म्हणजे खरंच जुळतो! यात हातचलाखी नाही. दोन रंग वेगवेगळ्या रंगद्रव्यांतून बनलेले असले तर एका उजेडात सारखे आणि दुसऱ्या उजेडात वेगळे दिसू शकतात. शास्त्राला हे चांगलं ठाऊक आहे. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलांत त्यासाठी खास पेटी असते. तिच्यात बटणं दाबून कधी दिवसाचा, कधी दुकानातला, कधी घरच्या बल्बचा उजेड पाडतात आणि कापडाचा नमुना तपासतात. कापडवाल्यांकडे पेटी आहे. मशीन रंगवणाऱ्याकडे दुपारचे बारा आहेत. म्हणून बमरोलीत अनुभवी मालक तपासणीला येणाऱ्या साहेबाला सकाळी नाश्त्याला लोचो खिलवतात, चहा पाजतात, कारखाना दाखवतात, आणि ऊन नीट तापलं की मगच ट्रॉलीपाशी आणतात.

शिवाय आकडा रंग सांगतो, चकाकी सांगत नाही. तोच नंबर ग्लॉसमध्ये मारला तर मशीन नवं दिसतं, मॅटमध्ये मारला तर परदेशी दिसतं, आणि हॅमरटोनमध्ये मारला तर पत्र्यावरचे सगळे ठोके, खड्डे, वेल्डिंगचे फुगवटे हे मुद्दाम केलेलं नक्षीकाम दिसतं. हॅमरटोनचा शोध कुणी लावला असेल तो असो, फॅब्रिकेशनवाल्यांनी त्याचा फोटो गल्ल्यावर लावायला हवा.

रंगाच्या नंबरांत खरा जिवाचा मामला आहे नळ्यांचा. कारखान्यातल्या कुठल्या नळीतून काय वाहतं, ते ओळखू यावं म्हणून आयएस २३७९ आहे. पाण्याला सी ग्रीन, वाफेला ॲल्युमिनियमचा चंदेरी, हवेला आकाशी, तेलाला फिकट तपकिरी, गॅसला कॅनरी पिवळा, ॲसिडला गडद जांभळा. बाकीच्या सर्व द्रवांना काळा. आमच्या बमरोलीला या पाण्याच्या नळीचा विशेष मान आहे. महापालिकेचा इथला प्रकल्प २०१४ पासून शहराचं सांडपाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना देतो. सुरुवातीची क्षमता रोज ४ कोटी लिटर. म्हणजे सुरतेने सकाळी अंघोळ करून सोडलेलं पाणी बमरोलीत पवित्र होऊन साड्या रंगवायला जातं. अशा पाण्याला शास्त्रीय सी ग्रीन नळी शोभतेच.

पण कुठल्याही जुन्या मिलच्या आत शिरलात तर नळ्यांवर मानकाचे रंग कमी आणि इतिहास जास्त दिसतो. आकाशी नळीतून हवेऐवजी पाणी जात असतं, कारण १९९० च्या सुमारास हवा जायची. काळ्या नळीतून काय जातं ते ठाऊक असलेला फिटर गावी गेलेला असतो. वाफेची नळी कोणती हे चंदेरी रंगावरून कळावं अशी सोय आहे, पण नवा मुलगा कामाला आला की त्याला रंगाचा तक्ता कुणी दाखवत नाही. जुना कामगार बाही वर करून आपला चट्टा दाखवतो. ते शिक्षण पक्कं बसतं.

वाहनांचं तर विचारूच नका. तिथे रंग हा सरकारी विषय आहे. तुमच्या गाडीचा रंग आरसी बुकात लिहिलेला असतो, तो बदलला तर आरटीओला कळवावं लागतं. ऑलिव्ह ग्रीन तर लष्कराखेरीज कुणालाच लावता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशी स्पष्ट बंदी आहे. तरी गल्लीतल्या एखाद्या उत्साही भाऊला वाढदिवसाच्या आदल्या रात्री जुनी जीप नेमकी त्याच रंगात हवी असते. आप्पा त्याला समजावतात, "भाऊ, मेहंदी देतो. साडीत चालतो, पोलिसातबी चालतो."

खरी परीक्षा होते सिल्व्हर गाडीची. कंपन्यांचे स्वतःचे कोड असतात, सुझुकीचा चंदेरी 'झेड टू एस', पांढरा 'ट्वेंटी सिक्स यू', असे. दरवाजाला ट्रॉली घासली की गॅरेजवाला कोड विचारतो, संगणकावर मिश्रण बनवतो आणि तंतोतंत नवा रंग मारतो. अडचण एवढीच, की बाकीची गाडी आठ वर्षं उन्हात उभी आहे. ती कोडपासून केव्हाच दूर निघून गेलेली असते. एकट्या नव्या दरवाजाकडे बघून पाहुणे विचारतात, "दरवाजा कुठल्या गाडीचा बसवला?" त्यातून तो चंदेरी मेटॅलिक, स्प्रे गन जरा लांब धरली तरी आतले कण वेगळे पडतात आणि छटा बदलते. धुळ्याला लग्नाला गेलेली जीजे-०५ ची अशी गाडी मांडवाच्या दारात एमएच-१८ च्या गर्दीतही लगेच सापडते, हा त्यातला फायदा.

मोठ्या रंगांचं नशीब वेगळं. कॅटरपिलर कंपनीची यंत्रं आधी करडी होती, १९३१ मध्ये ती पिवळी झाली, आणि आज माती उकरणारं यंत्र पिवळंच असणार हे आमच्या शेजारचं तीन वर्षांचं पोरही सांगतं. कुठल्याही कंपनीचं असो, पिवळं दिसलं की ते त्याच्यासाठी जेसीबी. जर्मनीत टॅक्सीचा रंग राल १०१५, फिकट हस्तिदंती. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा धावली, तेव्हा ती निळ्या-चंदेरी रंगात होती; आज तिला कुणी निळी परी म्हणून बघावं! सुरतेच्या स्टँडवर तो लाल डबा लांबून वळताना दिसला की खान्देशी माणूस पिशव्या उचलतो. तो लाल ५३७ आहे का ५३८, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. पाटी वाचण्याआधी पाय हललेले असतात. रंगाला कोड द्यावा तो असा.

कोडचा आणखी एक उपयोग जुन्या मशीनच्या बाजारात होतो, तो म्हणजे वय लपवण्याचा. भंगारात निघालेला लूम विकायच्या आधी त्याला ताजा हिरवा रंग मारतात. मारतात म्हणजे सगळ्यावर मारतात: बोल्टवर, नेमप्लेटवर, तेलाच्या काचेवर, आणि त्या दिवशी मशीनवर बसलेल्या माशीवरही. मुरलेला खरेदीदार शेड कार्ड आणत नाही, किल्ली आणतो. किल्लीने कोपरा खरवडला की हिरव्याखाली निळा, त्याखाली डी.ए. ग्रे, त्याखाली रेड ऑक्साइड, असे सगळे आधीचे मालक एकापाठोपाठ एक बाहेर येतात. चार थर निघाले की भाव निम्मा. विकणारा म्हणतो, "शेठ, चार वेळा रंगवलंय, म्हणजे किती जपलंय बघा."

आणि मग येतो दसरा. राल गुंडाळून ठेवायचा, आयएस ५ गुंडाळून ठेवायचा. मशीन धुऊन-पुसून त्याला हळद लागते, कुंकू लागतं, झेंडूची माळ चढते, नारळ फुटतो. इमर्जन्सी स्टॉपचं बटण मुळातच मानकाप्रमाणे लाल आणि त्यामागची पार्श्वभूमी पिवळी. लाल-पिवळं बघून कुणी तरी भाविक कामगार सगळ्यात मोठा टिळा नेमका तिथेच लावतो. त्या दिवशी लाल म्हणजे थांबा आणि पिवळं म्हणजे सावधान हा नियम बंद असतो. वर्षभर ज्याला कुणी हात लावला नाही अशा त्या बटणाला निदान नमस्कार तरी होतो.

तर इतक्या देशांनी, इतक्या समित्यांनी, इतक्या वर्षांत रंग आकड्यांत पकडला, आणि आपल्याकडे एका वाक्याने सोडून दिला. कुठलंही टेंडर काढून बघा. 'रंग : राल ७०३२ किंवा तत्सम.' या दोन शब्दांत आप्पांचा काळा थेंब बसतो, दुकानदाराचा तयार डबा बसतो, दुपारचे बारा बसतात. हे दोन शब्द नसते तर बमरोलीतून एक ट्रॉली बाहेर पडली नसती. आमचंही तेच चाललं आहे. सुरतेत आम्ही महाराष्ट्रातले, धुळ्याला गेलो की "आले सुरतवाले." शाळेत गुजराती, घरी अहिराणी, बाजारात हिंदी, आणि बारशाच्या पत्रिकेवर शुद्ध मराठी. जनगणनेच्या कागदावर मातृभाषेच्या रकान्यात एक अक्षर कमी-जास्त न करता लिहावं तर 'मराठी किंवा तत्सम' असंच लिहावं लागेल, आणि ते कुठल्याही उजेडात जुळेल.

एवढं सगळं ठरल्यावर, नंबर पक्का झाल्यावर, डबा आल्यावर, साहेबाची सही झाल्यावर, आप्पा गन साफ करत शेवटचा प्रश्न विचारतात, "शेठ, एक हात मारू का दोन?" याचा आकडा जर्मनांनाही ठरवता आलेला नाही. तो ॲडव्हान्स किती मिळाला यावर असतो.